बाबा आले की बिघडणारी अतारी

नीशच्या वरच्या कप्प्यात, सोनेरी काठाच्या चहाच्या सेटमागे एक पिवळट पडलेली पेटी दिसते ना? ती मी.

मला या घरात अतारी म्हणतात. खरं तर मी त्या नावाची नाही. माझ्या पाठीवर वेगळंच नाव होतं, ते घासून घासून पुसलं गेलं. पण आमच्या दुमियात शहरात टीव्हीला जोडून खेळायची कुठलीही पेटी म्हणजे अतारीच. मला त्याचं काही वाटत नाही. नव्या घरात गेलं की नव्या हाकेला ओ द्यायला शिकावं लागतं. या घरच्या नव्या नवरीला, नशवाला विचारा. तिचं लग्न झाल्यापासून जिन्यातल्या बायका तिला 'वजदीची बायको' म्हणतात, आणि ती दर वेळी एक क्षण उशिरा वळून बघते.

नीश म्हणजे काचेचं कपाट. आमच्याकडे नवरीच्या सामानात ते नसेल तर लग्न अर्धवटच राहिलं असं लोक धरतात. त्यातले पेले, कप, सुरया फक्त बघायच्या. त्यातल्या कपातून अजून कोणी चहा प्यायलेलं नाही. चहा सगळे स्वयंपाकघरातल्या टवका उडालेल्या काचेच्या ग्लासातून पितात. अशा मानाच्या जागी मी कशी आले, तेच सांगते.

माझा जन्म जपानमधला. पण शुद्ध आली ती जेद्दाच्या एका दुकानात. दुकानदाराने मला एका मोठ्या टीव्हीला जोडलं होतं आणि पडद्यावर लाल शिडाची होडी हलत होती. समोर एक माणूस उभा होता. त्याच्या नखांत लाकडाचं पॉलिश अडकलेलं. हे हिल्मी, मूळचे दुमियातचे. तिथे घराघरात फर्निचर बनतं. ते मात्र जेद्दात दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांना चमक आणत होते. अक्रोडी आणि महोगनी यांच्यामधल्या साऱ्या छटा त्यांना दुरून ओळखता यायच्या.

"शिडाचा लाल बरोबर जमलाय," ते दुकानदाराला म्हणाले, "पण समुद्र हिरवा? अहो, जपानात समुद्र नाही का?"

"पोरांना काय कळतंय!"

"माझ्या पोरांना कळतं," ते म्हणाले आणि मला बगलेत मारून निघाले.

मी दुमियातला पोचले, हिल्मी तिकडेच राहिले. एका शेजाऱ्याच्या सामानातून त्यांनी मला धाडलं. घरी दोन मुलं होती, हैसम आणि धाकटी नशवा. हैसमने मला लाकडी खोक्यातल्या टीव्हीला जोडलं. होडी आली, लाटा आल्या, जाळं आलं, मासेही आले. पण सगळं करडं. हैसमने बटणं फिरवली, अँटेना हलवली, टीव्हीला दोन चापट्या मारल्या. शीड करडं ते करडंच.

दोष कोणाचाच नव्हता. दुकानातल्या टीव्हीला सगळ्या देशांच्या पद्धती कळायच्या, इथल्याला फक्त इथली. मी पाठवलेले आकार त्याला समजले, रंग समजले नाहीत. मी ओरडून ओरडून लाल सांगत होते आणि तो ऐकत होता राखाडी.

काही दिवसांनी हिल्मींची टेप आली. तेव्हा परदेशातली माणसं पत्राऐवजी कॅसेटमध्ये बोलून पाठवायची. सगळे जमिनीवर बसून ऐकायला लागले. "लाल शिडाची होडी बघितली का रे? आणि तो समुद्र! हिरवा रंगवलाय खुळ्यांनी. मी आलो की आपण तिघं मिळून खेळू."

हैसमने आईकडे पाहिलं. आई म्हणजे इन्शिराह. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोणी एक शब्द बोलायचा नाही. रंग दिसत नाहीत हे कळलं तर हा माणूस नव्या टीव्हीपायी आणखी वर्षभर तिकडे राहील."

मग उत्तराची टेप भरली. नशवाला पुढे बसवलं. ती तोंड अगदी यंत्राला लावून म्हणाली, "हो बाबा, समुद्र हिरवागार आहे!" आणि हसू आवरेना म्हणून आईच्या मांडीत तोंड लपवलं.

खोटं टिकवायचं तर पुढची व्यवस्थाही लागते. हिल्मी उन्हाळ्यात महिनाभर सुट्टीवर यायचे. ते आले की मी बिघडायची. त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी हैसम मला उशीच्या अभ्र्यात घालून कपाटावर चढवायचा.

"इतकी चांगली वस्तू," हिल्मी म्हणायचे, "मी आलो की हिला नेमकं काय होतं?"

"तुमची दृष्ट लागते तिला," इन्शिराह म्हणायची.

ते हसायचे. मग महिना संपायचा, बॅग भरली जायची, आणि दुसऱ्या दिवशी मी बरी व्हायची.

गंमत अशी की ते तरीही तिकडे राहिलेच. कधी फ्रिजसाठी, कधी वरच्या मजल्याच्या छतासाठी, कधी हैसमच्या शिक्षणासाठी. नव्या टीव्हीचं एक निमित्त वाचवलं, बाकीची निमित्तं कोणाला वाचवता आली नाहीत. ज्या माणसाने मला विकत घेतलं त्याच्यासमोर मी त्याच्या घरात एकदाही चालले नाही.

मुलं मोठी झाली. लाकडी टीव्ही एक दिवस धूर सोडून गेला. हैसमला नोकरी लागली, कुठे तर जेद्दाला. मी कपाटावर अभ्र्यात पडून राहिले. पेटीला धूळ दिसत नाही, पण वजन कळतं.

हिल्मी कायमचे परत आले तेव्हा रक्तात साखर घेऊन आले. आणि चोरून खाल्लेल्या मिशब्बकच्या, म्हणजे आमच्या जिलबीच्या, तुकड्यांनी ती वाढवत राहिले. साखरेने डोळे धरले. मनसुराच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, लेझर केलं आणि सांगितलं, गेलं ते गेलं, उरलंय ते जितकं टिकेल तितकं टिकेल. ज्या माणसाला छटा दुरून कळायच्या, तो आता हातातल्या लाकडावरून बोट फिरवून विचारायचा, "हे कुठलं?"

नशवाचं लग्न ठरलं. सामान ट्रकवर चढत असताना ती स्टुलावर उभी राहिली आणि तिने मला खाली काढलं.

"ही कशाला?" इन्शिराहने विचारलं.

"बाबांना एकदा दाखवायचीय. रंगात."

इन्शिराहने डोक्यावरचं फडकं पदरासारखं सारखं केलं. मग म्हणाली, "मग लवकर दाखव."

नव्या घरात भिंतभर टीव्ही होता. त्यावरचं प्लास्टिक वजदीने अजून काढलेलं नाही, ओरखडे पडतील म्हणून. नशवाने मला माझ्या जुन्या तारेने जोडलं. पडद्यावर करडा, थरथरता लगदा आला.

"मुलूखियात माशी पडलीय वाटतं," वजदी म्हणाला. मुलूखिया म्हणजे आमची हिरवी पातळ भाजी. तो वाईट नाही, त्याला फक्त प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलावं लागतं. "लोकांच्या बायका सोनं आणतात, माझी अतारी घेऊन आली!"

"सोनंही आणलंय," नशवा म्हणाली. "ते तरी कुठे दिसतं रोज?"

दुसऱ्या दिवशी ती मला करमच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. जिन्याखालची खोली, आत उघडी पडलेली यंत्रं. करमने मला उलटं केलं, स्क्रू काढले, आत डोकावून पाहिलं.

"नवरीबाई, हिच्या पोटात चित्र काढणारी एक चिप आहे. ती उचलायची, खाली एक छोटी पट्टी बसवायची. मग ही जे काही सांगेल ते पट्टी नव्या टीव्हीला समजेल असं करून सांगेल. चित्र असं येईल की जाळ्याच्या गाठी मोजाल."

"आणि रंग?"

"रंगांसकट."

"कधी होईल?"

"पट्टी बाहेरून येते. कस्टममधून सुटली की लगेच. इन्शाल्ला उद्या."

करमचा उद्या फार लांब होता. त्याच्या दुकानासमोरच्या गाडीवर तेव्हा स्ट्रॉबेरी होत्या. मग जर्दाळू आले, मग आंबे. मी उघड्या पोटाने फळीवर पडून सगळं बघत होते. नशवा यायची, दारातच उभी राहायची. पहिल्यांदा म्हणाली, "बाबा अजून पेपरचे मोठे मथळे वाचतात." पुढच्या खेपेला म्हणाली, "खिडकी कुठे आहे ते कळतं त्यांना." त्यानंतर आली तेव्हा म्हणाली, "वजदीला ते खोकल्यावरून ओळखतात. करमभाऊ, जरा घाई करा हो."

"नवरीबाई, डोळ्यांचं अल्लाच्या हातात, पट्टीचं कस्टमच्या. मी दोघांनाही फोन करू शकत नाही."

अखेर पट्टी आली. करमने तापलेल्या टोकाने माझ्या चिपचा एकेक पाय सोडवला. दुखलं म्हणावं तर नाही. इतकी वर्षं एकाच जागी धरून बसलेलं काहीतरी सुटलं, एवढंच. मग त्याने मला त्याच्या छोट्या पडद्याला जोडलं आणि मी जेद्दानंतर पहिल्यांदा माझी होडी पाहिली. शीड असं लाल, की मलाच लाज वाटली. जाळ्याच्या गाठी खरंच मोजता येत होत्या.

"आवाज मात्र जुन्याच वायरीने, वेगळ्या स्पीकरमधून घ्यावा लागेल," करम म्हणाला. "आवाजाचा भाग अजून कस्टममध्येच आहे."

"आवाजाचं राहू दे," नशवा म्हणाली. तिने मला छातीशी धरलं. तिचं काळीज धावत होतं, ते मला झाकणातून कळत होतं.

शुक्रवारी नमाजानंतर हिल्मी आणि इन्शिराह लेकीकडे जेवायला आले. कांदा भरलेलं बदक भट्टीत होतं. हिल्मी इन्शिराहचं कोपर धरून आत आले. कोचावर बसवल्यावर त्यांनी तोंड टीव्हीकडे नाही, शेजारच्या खिडकीकडे केलं, कारण उजेड तिकडून येत होता. नशवाने काही न बोलता त्यांचे खांदे हळूच वळवले आणि हातात माझा खेळायचा कंट्रोलर दिला.

"घ्या बाबा. आज बिघडलेली नाही."

तिने मला सुरू केलं. स्पीकरमधून लाटांचा तो जुना टिकटिक आवाज आला. पडद्यावर सारं लखलखलं. माझ्याकडे जेवढे रंग होते तेवढे मी दिले, एकही मागे ठेवला नाही.

"दिसतंय ना बाबा?"

हिल्मी थांबले. फार नाही, एक श्वासभर.

"दिसतंय की! लाल शीड. काय लाल आहे!"

नशवाचा चेहरा उजळला. मी मात्र त्यांचे डोळे बघत होते. ते होडीबरोबर हलत नव्हते.

मग त्यांनी हात पुढे केला, चाचपत मला शोधलं आणि माझ्या पाठीवर थोपटलं. "लबाड! इतकी वर्षं मी आलो की आजारी पडायचीस काय?"

त्या थोपटण्यात माझ्या नव्या तारेचं टोक खोबणीतून निसटलं. आवाजाची वायर तशीच राहिली. पडदा निळा झाला, कोपऱ्यात लिहून आलं, सिग्नल नाही. लाटा स्पीकरमध्ये वाजतच होत्या.

वजदीने तोंड उघडलं. नशवाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याने ते मिटलं.

हिल्मी बटणं दाबत होते, निळ्या पडद्याकडे बघून हसत होते. "आणि समुद्र बघ! अजून हिरवाच! टेपमध्ये सांगितलं होतं की नाही मी? खुळे कुठले!"

नशवा त्यांच्याजवळ कोचावर टेकली.

"हो बाबा," ती म्हणाली, "हिरवागार आहे."

स्पीकरमध्ये बुडण्याची धून वाजली. "बुडाली वाटतं," हिल्मी म्हणाले. त्या दुपारी त्यांनी खरं सांगितलं ते एवढंच.

बदकाचं ताट घेऊन इन्शिराह दारात उभी होती. तिने निळा पडदा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. ताट टेबलावर ठेवून म्हणाली, "चला जेवायला. पुरे आता, तुमची दृष्ट लागेल तिला."

ते हसले, पूर्वीसारखेच. आणि तिचं कोपर शोधू लागले.

ती दोघं गेल्यावर वजदीने लोंबणारं टोक उचललं. "परत लावू?" त्याने विचारलं. या वेळी त्यात काही खोच नव्हती.

"राहू दे."

नशवाने ओल्या फडक्याने मला पुसलं, तार गुंडाळून पोटाशी ठेवली, चहाचा सेट पुढे सरकवला आणि नीशची काच लावली.

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्यात आता सगळे रंग आहेत, आणि हा टीव्ही ते एकही न चुकता दाखवू शकतो. तुमच्या घरात एखादी वस्तू कोणासाठी राखून ठेवलेली असेल तर ती आजच काढा, असं मी तुम्हाला सांगणार होते. पण काचेतून आवाज बाहेर जात नाही, आणि गेला तरी माणसं आधी प्लास्टिक काढायला विसरतात.

हिल्मी अजून शुक्रवारी येतात. खिडकीही आता त्यांना कळत नाही. बसल्याबसल्या विचारतात, "अतारी चालते ना गं?"

"चालते बाबा."

"रंग?"

"तसेच आहेत."

ते मान हलवतात. नशवा त्यांच्यासाठी चहा आणते, टवका उडालेल्या ग्लासातून.