मुंजाजी मिस्त्रींची तार

मुंजाजी मिस्त्रींनी सहावी तार दातेरी चाकाच्या बोल्टाच्या डोक्यातल्या भोकातून ओवली, दोन्ही टोकं पकडीत धरली आणि मनगट फिरवलं. तार सुतळीसारखी वळत गेली. उरलेलं टोक त्यांनी कापलं, वाकवून आत दाबलं आणि त्यावर बोट फिरवून बघितलं.

"आता ह्यो बोल्ट ढिला व्हायचा म्हनला तरी त्याला माझी परवानगी काढावी लागंल."

"आबासाहेबांची लागंल की. गाडी त्यांची हाय," मिस्त्रींची मुलगी मनकर्णा म्हणाली.

"गाडी त्यांची. बोल्ट माझे."

ती हसली. रॉकेलच्या घमेल्यात धुतलेली शेवटची चकती तिनं फडक्यावर ठेवली आणि हात पुसले. परभणी स्टेशनच्या मागे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. तीस वर्षं जिनातलं इंजिन सांभाळून म्हातारपणी मिस्त्रींनी मोटारींचं काम धरलं होतं. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या मनकर्णेनं आधी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, मग मोटारींची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश लावून वाचली, आणि गेली पाच वर्षं ती हातात पाना घेऊन त्यांच्या शेजारी बसत होती.

शेडच्या मधोमध आबासाहेबांची दोन माणसांची विलायती गाडी दगडांवर चढवलेली होती. बारा वर्षांपूर्वीची. सपाट सडकेवर वाऱ्याशी पैज लावणारी, आणि जिंतूरच्या घाटात मात्र ढकलावी लागणारी. आबासाहेब तिकडचे देशमुख. घाट चढल्याशिवाय त्यांचं घर येत नसे. मिस्त्रींनी उपाय काढला होता. मागच्या आसातली दातेरी चाकं बदलायची. धाव कमी होईल, जोर वाढेल. सिकंदराबादेहून त्याच बनावटीच्या, पण ओझं वाहणाऱ्या, एका मोडीत निघालेल्या गाडीची चाकं तीन आठवड्यांनी रेल्वेनं आली. धुराची नळी गाडीखालून जायची आणि गाडीवाटेच्या चाकोरीत मधल्या उंचवट्याला घासायची. ती त्यांनी बाजूनं वर घेतली होती. त्यासाठी जिनातल्या जुन्या बॉयलरची नळी कापली, आणि आत भोकं पाडलेली दुसरी नळी घातली.

"आबासाहेब म्हनले, आवाज वाघावानी पाहिजे. म्या म्हनलं, वाघ काढला तर रस्त्यातले समदे बैल बुजतील. मग तुमी आन् बैलं, दोघं खड्ड्यात."

"मग काय म्हनले?"

"म्हनले, मांजरावानी कर."

बोलता बोलता ते उठले आणि पंचा झटकला. बाभळीच्या दोन ओंडक्यांवर मागचा आस उलथा घालून ठेवला होता. आत धूळ पडू नये म्हणून मिस्त्रींची ही नेहमीची रीत. मोठं दातेरी चाक त्यांच्या डाव्या हाताला होतं. मनकर्णेच्या मांडीवरच्या पुस्तकातल्या चित्रातही ते डावीकडेच होतं. पण चित्रातला आस सुलटा होता. हा सुलटा केला की ते चाक उजवीकडे जाणार होतं.

तिनं चित्र बघितलं, आस बघितला. मग पुस्तक उलटं धरून पुन्हा बघितलं.

जिनात चाक उलटं फिरलं तर कुणी घाबरत नसे. पट्ट्याला एक पीळ द्यायचा, की पुढचं यंत्र सुलटं फिरायला लागायचं. तीस वर्षं मिस्त्रींच्या लेखी उलटं फिरणं ही चूकच नव्हती. मोटारीत मात्र पीळ द्यायला पट्टा नव्हता.

"काय बघायलीस?"

"काय न्हाई."

तार बांधली की काम झालं, हा त्यांचा कायदा होता. स्वतःची तार त्यांनी आजवर कधी तोडली नव्हती, आणि तू चुकलास असं त्यांना तोंडावर म्हणणारा माणूस परभणीत नव्हता. आणि आज ते खुशीत होते. मनकर्णेनं ठरवलं, उद्या आस सुलटा करताना आपणच काहीतरी निमित्त काढू. त्यांचं त्यांनाच दिसेल.

"उद्या चढवू गाडीखाली," मिस्त्री म्हणाले. "चल माय, भूक लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर आंघोळीला गेले आणि पायरीवर बसले ते उठले नाहीत.

*

तेराव्याला आबासाहेब आले. उंच, पांढरी शेरवानी घातलेले. बोलताना आवाज खाली ठेवायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी ठेवला. शेडच्या दारात मनकर्णेचे चुलते बन्सीधर उभे होते. ते जिनातच कामाला होते.

"बन्सीधर, गाडी जशी हाय तशी न्यावी म्हनतो. बैलगाडीवर घालून स्टेशनपर्यंत, तिथून हैदराबाद."

"न्या की, सरकार. इथं आता कोन हाय?" काका म्हणाले. "शेडची चावी जिनवाल्याला देऊन टाकतो. पोरीला आमच्यात नेतो. खाऊन-पिऊन राहील चार लेकरांत."

मनकर्णा शेडला लागूनच्या घरात चुलीपाशी बसली होती. ती उठून बाहेर आली. पदर नीट केला.

"काम झालेलं हाय," ती म्हणाली. "बाबांनी तारा बांधल्यात. आस गाडीखाली चढवायचा तेवढा राहिलाय. आठ दिवस द्या."

आबासाहेबांनी वाकून आस बघितला. बोल्टांवरच्या सहा तारा ओळीनं, एकाच अंगानं वळलेल्या. त्यांनी टोपी काढली.

"मुंजाजीच्या हातचं शेवटचं काम. ते कसं न्यावं दुसऱ्याकडं! आठ काय, दहा घे. आन् बेटा, ही गाडी घाट चढली तर कापसासाठी लॉरी घ्यायचा माझा इरादा हाय. लॉरीपण इथंच ठेवनार होतो. मुंजाजी असता तर."

ते गेल्यावर काका बराच वेळ दारात घुटमळले.

"आठ दिवसांनी चावी देनार हाय मी. आत्ताच सांगून ठेवतो."

"द्या," ती म्हणाली. "आधी आठ दिवस तर होऊ द्या."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पक्कड घेऊन आसासमोर बसली. पत्रा तापला होता. पहिली तार पकडीत धरली आणि मनगट तसंच राहिलं. ती उठली, घमेल्यात रॉकेल ओतलं, आधीच स्वच्छ असलेले पाने पुन्हा पुसले, आकारानं लावून ठेवले. पुन्हा येऊन बसली. तारेचं टोक तिनं बोटानं चाचपलं. दाबलेलं, बोचत नव्हतं.

मग तिनं ती तोडली. आवाज अगदीच लहान झाला. दुसरी तोडताना हात अडखळला नाही. सहाही तारा तिनं मोडीच्या डब्यात टाकल्या. एकदा वळलेली तार दुसऱ्यांदा वापरायची नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

काका डोकावले तेव्हा मोठं चाक तिच्या मांडीवर होतं.

"अगं, भावानं बसवलेलं कशाला उकलायलीस? येड लागलं का?"

"ग्रीस बघायले."

"ग्रीस बघायला समदा आस खोलतेत व्हय?"

"हैदराबादेत तसंच करतेत म्हनं."

हैदराबादेचं नाव निघाल्यावर काकांनी पाय काढता घेतला. जाताना ते एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाला न्हाई सुचलं ते."

तिनं दाते मोजले, चाक दुसऱ्या अंगाला बसवलं, हातानं फिरवून लहान चाकाशी त्याची गाठ तपासली. कागदाचा तुकडा दोन्हींच्या दात्यांमधून फिरवला आणि त्यावर उठलेले वळ उजेडात धरून बघितले. वळ बरोबर मधोमध होते. सातव्या दिवशी तिनं काकांना आणि जिनातल्या तिघांना बोलावून आस चढवला. धुराची नळी तिनं एकटीनं जोडली. सांध्याला भिजवलेल्या अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून पट्टी आवळली. आस चढवण्याआधी तिनं बोल्टांना नव्या तारा बांधल्या होत्या. तिचा पीळ बापासारखाच होता. नीट बघणाऱ्यालासुद्धा फरक सांगता आला नसता.

*

आठव्या दिवशी सकाळी आबासाहेबांनी गाडी सुरू केली. नळीतून जाड, दबका आवाज निघाला. त्यांनी पहिला गिअर टाकला. मनकर्णेनं दाराची चौकट धरली होती.

गाडी पुढे गेली.

फक्त तिलाच ठाऊक होतं की यात बघण्यासारखं काय आहे. बाकीचे धुराकडं बघत होते.

दुपार कलल्यावर गाडी परत आली तेव्हा आबासाहेब भुवयांपर्यंत धुळीनं माखले होते. खाली उतरून त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

"चढली! दुसऱ्या गिअरात सगळा घाट, एकदाबी न थांबता. आन् बैलं? एकाबी बैलानं मान वर करून बघितलं न्हाई. मलाच जरा वाईट वाटलं!"

जिनातले लोक हसले. चहा आला. आबासाहेब खाटेवर टेकले, दोन घोट घेतले आणि त्यांचा आवाज उतरला.

"तीस वर्षं झाली त्याला बघतो. एक चूक न्हाई. जाता जाताबी न्हाई. असा उस्ताद पुन्हा होनार न्हाई."

"न्हाई होनार," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. शेडची चावी त्यांच्या बोटात अडकवलेली होती.

"लॉरी आता हैदराबादलाच ठेवतो. काय करनार? तो हात गेला."

बापाचं नाव असं चारचौघांत, डागाशिवाय, तिच्यासमोर ठेवलेलं होतं. नुसतं गप्प बसलं की ते कायमचं तसंच राहणार होतं. परभणीत पुढं कितीतरी वर्षं लोक ते घेणार होते. मनकर्णेनं बाबांकडं, म्हणजे ते बसायचे त्या रिकाम्या जागेकडं, एकदा बघितलं. चहाचा कप खाली ठेवला. ती आबासाहेबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा चुकले होते," ती म्हणाली.

काकांनी मान झटक्यानं वर केली. "मनकर्णा!"

"चाक उलट्या अंगाला बसवलं होतं त्यांनी. तसंच राहिलं असतं तर पुढचा गिअर टाकल्यावर तुमची गाडी मागं गेली असती. मला त्याच दिवशी दिसलं होतं, आबासाहेब. मी बोलले न्हाई. वाटलं, उद्या सांगू." तिनं मोडीच्या डब्याकडं बोट केलं. "त्यांच्या तारा मी तोडल्या. त्यांनी शिकवलं तसं पुन्हा बसवलं. आज घाट चढलं ते माझ्या हातचं काम हाय. लॉरी इथंच आना."