नाव अर्ध्यात तोडू नये

तुळसाबाई सासरी येऊन दोन वर्षं झाली, तरी गावानं तिला तिच्या नावानं हाक मारली नव्हती. ती 'मोगलाईण'. पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या मुलखाला इकडचे लोक मोगलाई म्हणत. निजाम जाऊन सात वर्षं झाली होती, पण नदीपलीकडून आलेली बाई परदेशीच. त्यात पंधरा ऑगस्ट जवळ आला की सगळ्यांच्या जिभेला धार चढायची.

"तुले काय कळते वं झेंड्याचं?" सासू गोजराबाई म्हणायची. "तुमी तं तवा निजामाची रयत. आमी एक साल आधी सुटलो."

तुळसा मांडीवरच्या लेकीच्या टोपड्याचे बंद बांधत राही. खरंच होतं. पंधरा ऑगस्ट तिचा नव्हताच. त्या दिवशी तिची माय मेली होती.

अठ्ठेचाळीस साल. रझाकारांनी गाव पेटवलं, तेव्हा पोटुशी बायको आणि तेरा वर्षांची तुळसा यांना घेऊन बाप नदी उतरून याच गावाच्या शिवारात आला. नाल्याकाठी मायला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं तर गाडी हवी. बाकीचे बैल डवरणीला वावरात. गावात जुंपलेली गाडी एकच, गावपुढारी बबनरावांची, मिरवणुकीसाठी. झेंडूच्या माळा लावलेली, आत भारतमातेची तसबीर. बाप मिरवणुकीपुढं आडवा पडला. बबनराव म्हणाले, "आज आमचा सन हाय. निजामाच्या रयतेचं उद्या पाहू."

दिवस कलायच्या आत माय गेली. मूल तिच्यातच राहिलं.

बाप पुढं रिठदला मजुरी करून राहिला. तुळसाला दोन स्थळं आली. बापानं विचारलं, तेव्हा तिनं हे गाव मागितलं. बाप रडला. ती नाही.

यंदा झेंडावंदन झालं, बुंदी वाटून झाली, आणि शाळेपुढच्या पारावर हळदीकुंकू मांडलं. बायांना नाव घ्यायला लावायची हौस बबनरावांचीच. खुर्चीत रेलून ते ओरडले, "आता मोगलाईणबाई! का तुमच्याकडं नवऱ्याचं नाव उर्दूत घेतेत?"

सगळा पार हसला. पुरुषांत बसलेला जगदेव, तिचा नवरा, तोही कसनुसा हसला.

तुळसानं लेक सासूच्या हातात दिली, पदर सावरला आणि उभी राहिली.

"पंधरा ऑगस्टले बबनरावांनी सजवली गाडी..."

"वाऽ!" बबनरावांचा हात मिशीकडं गेला.

"कळा देत माय माही मांगत होती बैलजोडी..."

कुजबुज थांबली. बबनराव ताठ झाले. "हे कायचं नाव? बस झालं, खाली बस!"

"थांबा हो, बबनराव!" गोजराबाई पोरीसकट उठली. "माह्या जगदेवचं नाव नाही आलं अजून!"

नवऱ्याचं नाव यायच्या आधी उखाणा तुटला तर त्याचं आयुष्य तुटतं, हे त्या गावातली शेंबडी पोरंही जाणून होती. "येऊ द्या, येऊ द्या नाव," बायांनी कालवा केला. तुळसाला हे ठाऊक होतं. दोन वर्षं भाकरी थापता थापता तिनं जगदेवचं नाव मागं मागं सरकवत अगदी शेवटी नेऊन ठेवलं होतं. तिनं सावकाश श्वास घेतला. नजर खाली घातली नाही.

"गाडीत बसली भारतमाता, मायले नव्हता थारा;
जगदेवरावांचं नाव घेते, साक्षी गाव सारा."

टाळी एकही पडली नाही.

"कोनाची माय?" बबनराव इकडंतिकडं पाहत म्हणाले. "मले नाही आठोत."

"मले आठोते," मागून म्हातारा पुंजाजी बोलला. बबनरावांचा तो जुना गडी. "कासरा माह्या हाती व्हता. तो मानूस चाकापुढं पडला, आन् तुमी म्हनले, बाजूनं घे."

बबनरावांच्या बायकोनं कुंकवाचा करंडा मिटला आणि मान खाली घालून ती घराकडं निघाली. तिच्यामागं एकेक बाई उठली, मग पुरुषही. खुर्चीत बबनराव एकटेच उरले. तुळसानं ते डोळे भरून पाहून घेतलं, मगच ती वळली.

वाटेत गोजराबाई कडाडली, "माह्या पोराच्या नावात इख कालवलं तू!"

तुळसा वाटेवरचा चिखल चुकवत राहिली.

बरंच चालल्यावर सासूचा आवाज उतरला. नातीला तिनं छातीशी घट्ट धरलं होतं. "बाई अडली व्हती तं बायांले काहून नाही सांगतलं कोनी? म्या पदर पसरला असता बबनरावापुढं."

"सांगतलं व्हतं, आत्याबाई. तुमालेच," तुळसा म्हणाली. "तुमी बुंदी वाटून राह्यल्या व्हत्या. माह्या हातावर मूठभर ठेवली आन् म्हनल्या, खा, आज सन हाय."

गोजराबाई जागीच थबकली. तुळसानं तिच्या हातातून लेक काढून घेतली, टोपडं नीट केलं, गालाचा पापा घेतला आणि पुढं चालू लागली. पुढच्या सालचं नाव मनात जुळायला लागलं होतं. 'गोजरा'ला यमक फार शोधावं लागलं नाही: साजरा.