शनिवारचं एरंडेल

चाकणच्या अर्जुनरावांची मोटार पेट्रोलपेक्षा तेलावरच जास्त चालते, अशी थट्टा खेडपासून पिंपरीपर्यंत सगळेच करत, आणि अर्जुनरावही ती हसून सोसत. लढाईच्या आधीची ती विलायती गाडी त्यांनी पुण्याच्या एका बंगलेवाल्याकडून घेतली, तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. पण पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला, तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पातली दुकानं वाढली, खेड-चाकणच्या माणसांना तिकडं जायची घाई लागली, आणि ही म्हातारी रोज माणसं कोंबून धावू लागली. इंद्रायणीचा पूल ओलांडून चढ लागला की तिच्या मागून निळा धूर निघे आणि बैलगाडीवाले धोतराचा सोगा नाकाला लावून शिव्या देत.

तिला कोणतं तेल मानवेल याचा निकाल काही लागत नव्हता. चाकणच्या नाक्यावर गाड्या दुरुस्त करणाऱ्या भिमाजी मिस्त्रीचं एकच म्हणणं होतं. "इंजिन झिजलंय, राव. फटी रुंदावल्यात. पातळ तेल वर चढतंय आन् जळून जातंय. जाड तेल घाला, पन्नास नंबर." पन्नास नंबर घातलं की थंडीच्या सकाळी ते काकवीसारखं घट्ट होऊन बसे, हँडल मारता मारता खांदा निखळायची वेळ येई आणि तेल वर पोचेपर्यंत इंजिन कोरडं खडखडत राही. पातळ घातलं तर खेड येईस्तोवर इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरची खूण उघडी पडे. म्हातारं माणूस आणि म्हातारी गाडी, दोघांचं पथ्य सांभाळणारा स्वतः लवकर म्हातारा होतो, हे अर्जुनरावांना पटत चाललं होतं.

घरी त्याहून मोठा घोर होता. यशोदाबाईंना पुन्हा दिवस गेले होते. याआधी तीन वेळा सातव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि मागच्या खेपेला गोजाबाई सुईणीनं अर्जुनरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता पुन्हा असं झालं तर बाई हाताला लागायची नाही. मूल त्यांना हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना आधी यशोदाबाई हवी होती.

जोशीबुवांनी शनीची पीडा सांगितली होती. दर शनिवारी तेलात आपलं तोंड बघायचं आणि ते तेल दान करायचं. तोंडाबरोबर पीडा तेलात उतरते आणि नेणारा ती घेऊन जातो. तेव्हापासून यशोदाबाई दर शनिवारी न्हाऊन काशाच्या वाडग्यात एरंडेल ओतत, ओट्यावर बसून त्यात वाकून बघत राहत, आणि दारोदार शनीचं तेल मागत फिरणारा आबाजी आला की वाडगा त्याच्या भांड्यात रिकामा करत. शनिवारी तेल विकत आणायचं नाही, अशी नवऱ्याकडून त्यांनी शपथही घेतली होती.

एका शनिवारी आबाजी तापानं पडला आणि आलाच नाही. यशोदाबाई वाडगा ओट्यावर ठेवून आत गेल्या. बाहेर माणसं गाडीत बसून खोळंबली होती, तेलाची पट्टी जवळजवळ कोरडी निघाली होती, आणि दुकानातून तेल आणावं तर शपथ आडवी येत होती. अर्जुनरावांची नजर ओट्यावर गेली. विकत कुठं घेतोय, घरचंच तर आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी वाडगा उचलला आणि इंजिनात ओतला. एक नेम पाळायला गेले आणि दुसरा मोडून बसले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी तरी तो फुफाटा त्यांना गार लागला.

कारण गाडी सुधारली. खडखड थांबली, चढावर धूर दिसेना, आणि पिंपरीला पोचून पट्टी काढली तर खुणेवरचं तेल तिथल्या तिथं होतं. चाकणला परतल्यावर भिमाजीनं पट्टी नाकाला लावली.

"एरंडेल व्हय? लढाईत तेल मिळंना तवा आमी बी घातलंय. झिजल्या इंजिनाला धरून ऱ्हातं. पर ते दुसऱ्या तेलात मिसळत न्हाई, गोळे धरतं. येक तर समदं काढा, न्हाईतर आता एरंडेलावरच ऱ्हावा."

अर्जुनरावांनी जुनं तेल काढून टाकलं आणि सगळं एरंडेलच भरलं. त्यावर शनिवारचा वाडगा पुन्हा ओतला, कारण आबाजी पुढच्या शनिवारीही आला नव्हता, आणि दान वाया कशाला घालवायचं, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर चऱ्होलीची शालनबाई त्यांच्या गाडीतून बाळंतपणाला खेडला माहेरी निघाली. सातवा सरत आलेला, गाल भरलेले, सारा रस्ताभर ती शेजारणीशी बोलत होती. खेडला उतरताना मात्र तिनं दाराला घट्ट धरलं आणि क्षणभर अर्जुनरावांकडं पाहिलं. त्याच आठवड्यात बातमी आली, की मूल गेलं आणि तीही गेली. लोक रस्त्याच्या खड्ड्यांना बोल लावून गप्प झाले. मग कारखान्यातल्या एका कामगाराची बायको, तीही पोटुशी, याच गाडीनं चाकणहून पिंपरीला गेली, आणि तिचंही तसंच झालं. पुन्हा लोक खड्ड्यांवरच घसरले. अर्जुनरावही मोठ्यानं खड्ड्यांचंच नाव घेत होते.

घरी यशोदाबाईंनी सातवा महिना ओलांडला. पायांना सूज नव्हती, दोन वेळा पोटभर जेवत होत्या, आणि कितीतरी वर्षांनी जात्यावर बसून गुणगुणत होत्या. ते ऐकताना अर्जुनरावांना आनंदानं रडू येई, आणि त्याच वेळी शालनबाईची ती नजर आठवे.

आबाजी बरा होऊन फिरायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं.

"आबाजी, आमच्या दारी येऊ नका आता. आमी तेल दुसरीकडं देतो."

म्हाताऱ्यानं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. "द्या की. पर घेणाऱ्याला ते कुठं ठिवायचं ते ठावं पायजे. आमी बी ते घरी न्हेत न्हाई, राव."

घरी येऊन त्यांनी यशोदाबाईंना सांगितलं, की आबाजीला आता चालवत नाही, तेल मीच त्याला पोचवत जाईन. दर शनिवारी यशोदाबाई वाडग्यात तोंड बघत, अर्जुनराव तो पदराआड धरावा तसा जपून नेत, आणि गाडीशी जाऊन रिकामा करत. पहिल्यांदा ती चूक होती. आता तिला चूक म्हणता येत नव्हतं, आणि दुसरं नाव द्यायचं त्यांना धाडस नव्हतं. मोशीच्या थांब्यावर पोट सांभाळत उभ्या असलेल्या एका बाईनं हात केला, तेव्हा 'मागून एस.टी. येतेय, तिनं या' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी उतरून तिच्यासाठी दार उघडलं.

"तेल पार काळं झालंय," भिमाजी एकदा म्हणाला आणि त्यानं एक डबा पुढं केला. "कॅम्पातून आणलाय. चाळीस नंबर, धड जाड न्हाई, धड पातळ न्हाई. तुमच्या गाडीला ह्येच बरोबर. ते घाण तेल काढा."

"यशोदा मोकळी झाली की काढतो."

"बाईच्या बाळंतपणाचा आन् तेलाचा काय संबंध?"

अर्जुनरावांनी डबा घेतला आणि सीटखाली सरकवून ठेवला.

नववा लागला. एका सकाळी ऊन अंगणात पसरलेलं असताना यशोदाबाईंना कळा सुरू झाल्या, आणि थोड्या वेळानं गोजाबाई हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच अर्जुनराव उठले.

"मूल आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई. पुण्याला दवाखान्यात न्या, आत्ताच."

एस.टी. निघून गेली होती. बैलगाडीनं पुणं गाठेपर्यंत काय उरणार होतं? चाकणात गाडी म्हणावी अशी एकच होती, आणि ती अंगणात उभी होती. अर्जुनराव तिच्याकडं बघत राहिले, आणि मग धावत जाऊन घमेलं घेऊन गाडीखाली शिरले.

इंजिनाच्या तळाचं बूच सोडताच तेल धारेनं पडू लागलं. काळं, जाड, अजून कोमट. आदल्या रात्रीपासून गाडी हललीसुद्धा नव्हती. घमेलं भरलं, तरी धार थांबली नाही. त्यांनी बादली सरकवली, तीही भरत आली. इतकं तेल या इंजिनात मावतच नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण विचार करायला सवड नव्हती. शेवटचा थेंब पडल्यावर त्यांनी बूच आवळलं, डबा फोडून चाळीस नंबर ओतलं आणि हँडल मारलं. पहिल्याच फेरीला इंजिन लागलं. स्वच्छ, एकसारखा आवाज. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळं निस्तरलं, वेळेवर निस्तरलं, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

गोजाबाईच्या खांद्यावर हात टाकून यशोदाबाई बाहेर आल्या. चेहरा घामानं भिजलेला, ओठ दाबलेले. गाडीच्या दारापाशी येऊन त्या थबकल्या, कारण वाटेतच ते घमेलं होतं, काठोकाठ भरलेलं, आणि वरून ऊन पडल्यामुळं आरशासारखं लखलखीत. बघू नको, असं अर्जुनराव ओरडेपर्यंत उशीर झाला होता. इतक्या शनिवारांची सवय. यशोदाबाई गोजाबाईला धरून हळूच वाकल्या आणि त्यात बघू लागल्या.

कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या, जणू कळा कुठंतरी थांबल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "किती बाया बसल्यात ह्यात."

"चल, यशोदे. गाडीत बस."

"बसते की," वर न बघताच त्या समजुतीनं म्हणाल्या. "सरकून मलाच जागा करत्यात."