पाच-चाळीस

धाकटी रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. वय चाळीस, पदरात दोन मुलं आणि पळण्याचं वेड. तिचा थोरला भाऊ धावण्याचा क्लब चालवायचा. त्यानंच तिला मॅरेथॉनच्या नादी लावलं होतं. गेल्या वर्षी तो म्हणाला, "दर किलोमीटर पाच मिनिटांत काढ, मागे वळून बघू नकोस." तिनं काढला. तेहतिसाव्या किलोमीटरला ती रस्त्याकडेला ओकली आणि अँब्युलन्समधून परत आली. "तुझ्यात दमच नाही गं," दादा म्हणाला होता. वर्षभर ते वाक्य तिला खात होतं.

यंदा शर्यतीच्या सकाळी पिशव्या जमा करायच्या रांगेत दादाची लाडकी शिष्या, एक दातांची डॉक्टर, तिच्या मागे उभी होती. ती सहज म्हणाली, "ताई, गेल्या वर्षीसारखंच ना? निम्म्यापर्यंत तुम्ही पुढे, मी तुमच्या मागोमाग. तुम्ही होतात म्हणून मला ठरवलेली वेळ गाठता आली. सर म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी हे हौसेनं करता."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक दादाकडे गेली. तो सायकलच्या चाकात हवा भरत होता.

"हिच्या वेळेसाठी मला जाळलंस?"

"हळू बोल. क्लबचं नाव झालं की नाही? आणि तुला आधी सांगितलं असतं तर तशी पळाली असतीस?"

"मुळीच नाही."

"मग! म्हणूनच नाही सांगितलं."

शिट्टी वाजली. पहिला किलोमीटर चार मिनिटं बावन्न सेकंदांत आला. घड्याळ बघून ती दचकली. राग पायांत उतरला होता, म्हणजे अजूनही दादाच तिला पळवत होता! तिनं दात आवळले आणि वेग पाच-चाळीसवर आणला. सरावात या वेगानं ती बोलत बोलत पळू शकायची. इस्त्रीच्या टेबलावर हे तिला कधीच कळलं होतं: सकाळी सकाळी चादरींचा फडशा पाडणाऱ्या बाईचं मनगट दुपारी उचलत नाही. मग शर्यतीत का नाही कळलं? कारण सांगणारा दादा होता.

"ताई, आपण मागे पडतोय," डॉक्टर मागून म्हणाली.

"मी नाही पडत. तुम्हाला घाई असेल तर व्हा पुढे."

डॉक्टर पुढे गेली.

दहाव्या किलोमीटरला दादा सायकलवरून शेजारी आला. "सहलीला आलीस का? ती एकटी पडलीय! उचल पाय!"

धाकटीच्या तोंडात अस्सल शिवी आली होती. तिनं ती गिळली. दम वाया घालवायचा नव्हता. लोक तिला मागे टाकून जात राहिले. प्रत्येक जण पुढे गेला की ती घड्याळ बघायची: पाच-चाळीस, पाच-एकेचाळीस, पाच-चाळीस.

तिसाव्यानंतर तेच लोक परत दिसू लागले. कुणी चालत होतं, कुणी खांबाला धरून उभं होतं. छत्तिसाव्याला दातांची डॉक्टर फुटपाथवर पोटरी दाबत बसली होती. दादा बाजूलाच होता.

"थांब! तिला शेवटपर्यंत सोबत कर."

"तू कर. तुझ्याकडे सायकल आहे," धाकटी न थांबता म्हणाली. मग डॉक्टरकडे बघून, "तुमची चूक नाही. पाणी प्या, चालत या."

तीन तास अठ्ठावन्न मिनिटं. शेवटच्या रेषेपलीकडे ती पाय पसरून बसली आणि भडाभडा रडली. दु:ख नव्हतं त्यात, संताप होता.

थोड्या वेळानं दादा क्लबच्या चार-पाच बायकांना घेऊन आला. "बघा, माझी बहीण! दम राखून पळणं कुणी शिकवलं?"

धाकटी उठली. "तू नाही. तू मला अंधारात ठेवून पळवलंस, मी कोसळले, आणि वर माझ्यातच दम नाही म्हणालास."

"घरी बोलू."

"इथेच बोलायचं. यांनाही ऐकू दे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली एक उंच शिक्षिका हळूच म्हणाली, "सर, गेल्या महिन्यात मला पुढे पळवलंत, ते कुणासाठी होतं?"

दादा सायकल घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "कालपासून दादा जेवला नाही. तू मोठ्या मनानं घे, बाई."

"भूक लागली की जेवेल," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.