खांद शेकलेली सायकल

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर माझं सायकलचं दुकान चाळीस वर्षांपासून आहे. मी हात लावला अन् सायकल दुरुस्त झाली नाही, असं एकदाच घडलं. ती विहिरीत होती आणि मी काठावर.

म्हणूनच नागोरावची पोरगी रुपाली दोनदा आली आणि दोनदा मी तिला हसून परत पाठवली, याची मला लाज वाटते. थोडीशीच.

तिची सायकल रेसची, नागपुरातून जुनी घेतलेली. शिंगासारखं वळलेलं हँडल, आणि ब्रेकच्या मुठीतच गिअरचा खटका.

"देवीलालकाका, सकाळी हलका गिअर पडतच नाही. खटका दाबला का लुळा पडते."

मी भर दुपारी दाबला. टक, टक, टक! गिअर लोण्यासारखा पडला.

"पोरी, खटका जागा आहे. सकाळी तूच झोपेत राह्यतं."

दुसऱ्यांदा आली तीही दुपारीच. पुन्हा टक, टक.

मग डिसेंबरातला रविवार उजाडला. सातला शर्यत, दारव्हा ते यवतमाळ. पहिल्या तिघींना जिल्ह्याच्या संघात जागा, बाकीच्यांना केळं आणि टाळ्या. थंडी अशी की बोललेला शब्द गोठून खाली पडायचा, तो उचलून शेकोटीवर धरला की ऐकू यायचा. साडेसहाला रुपाली सायकल ढकलत आली. मागून मफलरमध्ये गुंडाळलेला नागोराव.

"काका, आता दाबा!"

दाबला. खटका लुळा. पुन्हा दाबला, तसाच.

"सपाटीवर जमते," ती म्हणाली, "पण यवतमाळचा चढ जड गिअरवर कसा चढू? तिथंच माह्या मागच्या साऱ्या पुढं जातीन."

मी मुठीवरचं रबर उलटवलं. आत पिवळं काहीतरी थिजलेलं. बोटावर घेतलं, हुंगलं, चाखलंही.

"गावरान तूप. अन् हळद. नागोराव, मुठीत फोडणी देल्ली का रे?"

नागोराव एकदम बसच्या पाट्या वाचायला लागला.

"बाबा?" रुपाली म्हणाली.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी हिचे खांद शेकले, बैलाले तूप-हळद चोळतो तसे," तो पुटपुटला. "बैलजोडी औंदा इकली ना. गोठ्यात ही एकटीच उभी. वर्षभर माह्या पोरीले वाह्यते, मंग हिचे खांदे कोणं शेकाचे?"

"बैलाले देतेत तसं आवतनही देल्लं का?" मी विचारलं.

"देल्लं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'"

"बाबा, किती तूप लावलं?"

"अर्धा पाव. कंजूषी कायले कराची?"

रुपालीला हसावं की रडावं कळेना. मला मात्र सगळं कळलं. दुपारच्या उन्हात तूप पातळ, म्हणून खटका चाले. सकाळी थिजलं की आतलं कुत्रं, म्हणजे दात्यात अडकून गिअर ओढणारा बारका तुकडा, चिकटून बसे.

"इंदूबाई, किटली आण!" शेजारच्या चहाच्या टपरीकडे मी ओरडलो.

"चहा?"

"नाही वं, गरम पाणी! सायकलले थंडी वाजून राह्यली."

आधी गरम पाण्याची धार सोडली. तूप वितळून वाहिलं. मग मुठीत पिचकारीनं रॉकेल मारलं.

"रुपाली, दाब. मोजू नको, दाबत राह्य."

ती दाबत राहिली. मुठीतून हळद अशी निघाली की दोन नवऱ्या माखून वर व्याह्याला लावायला उरली असती. शंभरेक वेळा दाबल्यावर आतून आवाज आला: टक. बारीक, पण पक्का. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं, रबर खाली ओढलं. शिटी वाजायला पाच मिनिटं होती.

मी आणि नागोराव शर्यतीमागच्या जीपमध्ये बसलो. चढ आला. पुढच्या पोरी हाफायला लागल्या, आणि माझ्या कानांनी ऐकलं: टक. टक. रुपालीचे पाय हलके झाले. एक मागं पडली, मग दुसरी, मग चौघी एकदम. जीपवाला म्हणाला, "आता मलेही मागं टाकते." टाकलंच. गिअर बदलून बदलून तोच थकला.

ती दुसरी आली. पहिली आलेली पोरगी वाऱ्यानं ढकलली असणार, मी वारा बघितला होता.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी नागोराव सायकल घेऊन दुकानात आला, हातात तुपाची वाटी.

"देवीलाल, कुठी लावू? तूच सांग."

मी सीटखालचा दांडा दाखवला. त्यानं एक बोटभर तूप-हळद चोळली आणि हळूच आवतन दिलं.

आणि खरं सांगतो, सायकलीनं मुंडी हलवली.