तिथल्यासारखं

आमचे हे व्हिएतनामात तीन वर्षं राहिले आणि तीन वर्षं भाकरी खाऊन परत आले. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारतच नाही. व्हिएतनामचं काहीही निघालं की सोलापुरातले लोक ह्यांना विचारतात, आणि हे सांगतात.

हे म्हणजे मल्लिनाथ. टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला. तिकडच्या एका कापड गिरणीला मागांतला माहीतगार हवा होता, म्हणून गेले. जाताना मी कडक भाकरी बांधून दिली. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी पातळ असते आणि महिनोन्‌महिने टिकते. सोबत शेंगाची चटणी असली की लिंगायताच्या पोराला जगात कुठंही नेऊन सोडा, तो उपाशी मरत नाही आणि शहाणाही होत नाही. पुढे सोलापूरचं जे कोणी तिकडे निघेल त्याच्या बॅगेत माझं गाठोडं असायचंच. खोलीवर डाळभात, गिरणीत भाकरी; मांस असेल या भीतीने तिकडच्या कशालाच तोंड लावलं नाही. परत आले तेव्हा ह्यांचं वजन होतं तेवढंच होतं, ज्ञान मात्र बेसुमार वाढलं होतं.

खोटं असं ते कधी बोलले नाहीत. एवढंच, की कुणाच्या घरी कॉफी मिळाली की एक घोट घेऊन म्हणायचे, तिकडची कॉफी वेगळी. कुणी जेवणाबद्दल विचारलं की म्हणायचे, त्यांचं ते सूप म्हणजे... आणि हात हवेत फिरवायचे. समोरचा मान डोलवायचा. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, आणि इथे तर आमच्या अख्ख्या जुळे सोलापूर भागात गाय एकच होती. मीही गप्प बसले. नवऱ्याला चारचौघांत फुकटचा मान मिळत असेल तर कुठली बायको मध्ये तोंड घालेल?

पण मग माझ्या भावाची मुलगी काव्या बेंगळुरूहून परत आली. गेली होती शिकायला, आणि शिकली भलतंच. तिथे एका व्हिएतनामी बाईंच्या खानावळीत ही कामाला लागली आणि त्यांच्या हाताखाली सगळा स्वयंपाक उचलला. इथे येऊन बापाच्या मागे लागली की होटगी रोडवरचा रिकामा गाळा मला दे. गुरप्पाला, म्हणजे माझ्या भावाला, तिथे चादरींचं दुकान काढायचं होतं. तरी लेकीचा हट्ट म्हणून त्याने दसऱ्यापर्यंत गाळा दिला, आणि एक अट घातली. दाजींनी, म्हणजे ह्यांनी, खाऊन सांगायचं. तिकडच्यासारखं आहे म्हणाले तर गाळा काव्याचा, नाही म्हणाले तर दसऱ्याला चादरी.

आता हसायचं की रडायचं? आमच्या माहेरी जावयाचा शब्द खाली पडत नाही. फाटकाला रंग कुठला द्यायचा हेसुद्धा गुरप्पा ह्यांना विचारतो. फाटक आज जांभळं आहे ते त्यामुळेच.

काव्याला सुरुवातीला फार जड गेलं. लोक यायचे आणि मंचुरियन मागायचे. कॉफी मागवणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. पेल्यावर पत्र्याची चाळणी ठेवलेली, तिच्यातून काळा अर्क थेंबथेंब खालच्या घट्ट गोड दुधावर पडतो. सोलापूरकराला वाट बघायची सवय नाही. ते चाळणीला टिचकी मारून विचारायचे, बंद पडलंय काय? पण हळूहळू जम बसला. कॉलेजची मुलं येऊ लागली, मग ती आपल्या आयांना आणू लागली. काव्या सकाळी अंधारात उठून मुळा, आलं, दालचिनी, चक्रीफूल घालून रस्सा उकळत ठेवायची. पोरगी वाळून गेली, पण मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती.

मी दुपारची जायची, ह्यांना न सांगता. तांदळाचा एक पातळ कागदासारखा पापड असतो, तो पाण्यात भिजवला की मलमलीसारखा मऊ होतो. त्यात काकडी, गाजर, पुदिना असं कच्चंच गुंडाळायचं आणि शेंगदाण्याच्या दाट चटणीत बुडवून खायचं. शेंगदाणा बघून मी कपाळावर हात मारला. हा माणूस सोलापूरहून शेंगा घेऊन शेंगांच्याच गावाला गेला होता.

त्याच दिवशी काव्याने मला सांगितलं, की तिच्या त्या बाई पौर्णिमेला आणि अमावस्येला मांसाला हात लावत नाहीत. त्यांच्या देशात पुष्कळ लोक पाळतात, त्या दिवशी घरोघरी असंच शाकाहारी शिजतं. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. घरी येऊन मी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

हे मात्र जायचं टाळत होते. एकदा सोमवार होता, एकदा पित्त होतं, एकदा मागाचा कुठला तरी पट्टा होता. कारण मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. शेवटी दसरा तोंडावर आला तेव्हा गुरप्पाच गाडी घेऊन दारात उभा राहिला आणि आम्हा दोघांना घेऊन गेला.

काव्याने ह्यांच्यापुढे फोचा, म्हणजे त्यांच्या त्या सूपाचा, मोठा वाडगा ठेवला. तांदळाच्या शेवया, मशरूम, वरून हिरवा पाला, आणि चौघांची तोंडं दिसणार नाहीत इतकी वाफ. ह्यांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

“तितल्यासारखं न्हाय.”

“झालं मग,” म्हणून गुरप्पा खुर्ची सरकवून उठला.

मला त्या घटकेला ह्यांचा जो राग आला तो लग्नाच्या इतक्या वर्षांत आला नव्हता. माझ्या एका वाक्यात पोरीचा गाळा वाचला असता, पण त्याच वाक्यात नवरा मेव्हण्यासमोर उघडा पडला असता. तरी मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात काव्याने हळूच विचारलं, “मामा, काय कमी हाय?”

हा पुढचा प्रश्न ह्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. हात हवेत फिरवायला वर गेला आणि तसाच राहिला. मग त्यांनी आणखी एक चमचा घेतला. मग आणखी एक. मग चमचा बाजूला ठेवून वाडग्यावर वाकले आणि वास घेत राहिले. वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि त्याचा दोष वाफेला देता आला नसता.

“ह्यो वास मला म्हाईत हाय,” हे म्हणाले. मग ते सांगत गेले आणि आम्ही ऐकत राहिलो. गिरणीच्या जेवणघरात वाढणारी एक बाई होती. महिन्यातून दोन ठरावीक दिवशी ती असाच एक वाडगा ह्यांच्या टेबलावर आणून ठेवायची. आतला एकेक पाला, एकेक मशरूम चमच्याने उचलून दाखवायची, की बघ, मांस नाही. हे हात जोडून वाडगा परत करायचे आणि डबा उघडायचे. तीही हसून हात जोडायची. पुढल्या खेपेला पुन्हा आणायची. निघायच्या दिवशीसुद्धा तिने आणला होता.

“तीन वर्सं आणत हुती,” हे म्हणाले. “तिचं नाव बी इचारलं न्हाय मी.”

गुरप्पा मटकन खाली बसला. “म्हंजे दाजी, तितलं तुमी काय खाल्लंच न्हाय?”

“न्हाय.”

बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर फाटकापासून आजवरचा प्रत्येक सल्ला उमटून गेला. शेजारी कॉफी थेंबथेंब गळत होती. मग सवयीने त्याने पुन्हा ह्यांनाच विचारलं.

“मग गाळ्याचं काय करायचं, दाजी?”

ह्यांनी वाडगा दोन्ही हातांनी जवळ ओढला.

“पोरीला ऱ्हाऊ दे,” हे म्हणाले. “न्हाय म्हणून बगितलं मी, लई डाव. आता न्हाय म्हणत न्हाय.”