ट्रंक लाइनवरची मैत्रीण

गावात आपोआप चालणारं टेलिफोन एक्स्चेंज आलं नव्हतं, तेव्हा सगळ्या गावाचं बोलणं अक्काच्या हातांतून जायचं. फोन उचलला की आधी तिचा आवाज यायचा, "नंबर?" आणि मग माणूस आपलं काम सांगायचा.

एक्स्चेंज पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. बोर्डासमोर उंच स्टूल, कानाला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा आणि दोरीसारख्या लोंबणाऱ्या वायरी. खिडकीतून रेल्वेचा मालधक्का दिसायचा, त्याच्यापलीकडे बिस्किटांचा कारखाना. वारा इकडे फिरला की खोलीभर भाजलेल्या बिस्किटांचा वास सुटायचा आणि अक्काला अवेळी भूक लागायची. बिस्किटवाल्यांना पिठाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, धक्क्याला कधी लागणार ते कळायला हवं असायचं, लाकडाच्या गिरणीला ट्रक हवे असायचे, बर्फाच्या कारखान्याचं वीज कंपनीशी रोजचं भांडण. ट्रान्सपोर्टवाल्याचा आवाज तर असा खणखणीत, की मध्ये फोन नसता तरी पलीकडे ऐकू गेला असता.

गावाबाहेरचा ट्रंक कॉल मात्र जंक्शनच्या एक्स्चेंजमार्फत लावावा लागे. तिथेही एक बाईच बसायची. सुरुवातीला दोघींचं बोलणं अगदी कामापुरतं. "जंक्शन, लाइन द्या." "थांबा." एवढंच. एकदा दुपारी काम थंडावलं होतं आणि अक्काला खोकल्याची उबळ आली. पलीकडून आवाज आला, "आलं चघळा. मी कालपासून ऐकतेय, ठसका काही थांबत नाही तुमचा."

तिथून सूर जुळला. तुम्हीचं तू झालं. अक्का तिला 'जंक्शन'च म्हणायची. लाइन गावात येऊन संपायची, म्हणून ती अक्काला 'टोक' म्हणायची. "काय गं टोका, आज आवाज उतरलाय. भावजयीशी वाजलं का?" दूर कुठेतरी बसून तिला नेमकं कळायचं. तिचा नवरा लवकर गेला होता, एक मुलगी होती. लाइनची वाट बघताना ती हलकेच गुणगुणायची. हे सगळं अक्काला ठाऊक होतं, पण तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. एकीची सुट्टी ती दुसरीची ड्यूटी. आणि जंक्शनला जायचं तर गाडी एकच, तीही संध्याकाळी तिथे सोडून मोकळी व्हायची, परतीची थेट दुसऱ्या दिवशी.

एका उन्हाळ्यात बर्फाच्या कारखान्याची वीज गेली. धक्क्यावर फळांच्या वाघिणी भरून उभ्या आणि बर्फाचा पत्ता नाही. कारखान्याचा मालक फोनवर रडायचाच बाकी होता. अक्काने वीज कंपनीला जोडून दिलं, पण तिकडून एकच उत्तर, मोठा बिघाड आहे. मग तिने जंक्शनला विचारलं, "तुझ्या गावात कुणाकडे बर्फ असेल का गं?"

"थांब," ती म्हणाली आणि खरोखरच कामाला लागली. दुधाच्या डेअरीला फोन, डेअरीकडून स्टेशनमास्तरला फोन. दुपारच्या मालगाडीला एक डबा जास्तीचा लागला आणि भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या उन्हं उतरायच्या आत धक्क्यावर आल्या. फळवाल्याने एक्स्चेंजमध्ये टोपली पाठवली. अक्काने लाइनवरच एक फळ कापलं.

"कसं आहे?"

"साखर. तुझ्या वाटणीचंही मीच खातेय."

"खा, खा. माझ्याच अंगाला लागेल तेवढंच."

मग जिल्ह्यात मोठे कारखाने येऊ लागले. नवा रुंद रस्ता झाला, माळावर विजेचं मोठं उपकेंद्र उभं राहिलं आणि एक्स्चेंजमध्ये कपाटांएवढी यंत्रं आली. लोक खूश होते, आणि का नसावेत? नंबर आपला आपण फिरवायचा, मध्ये कुणाची मिनतवारी नको. अक्कालाही ते पटत होतं. बोर्डाच्या शेवटच्या दिवशी जंक्शन म्हणाली, "ये एकदा." अक्का म्हणाली, "येते." माणसं उगाच बोर्डाभोवती गोळा झाली होती.

अक्काची बदली खाली बिलांच्या टेबलावर झाली. दिवसभर माणसं समोर यायची, पण कानाला काही चैन पडेना. शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "अक्का, नव्या रस्त्यावरून जंक्शनला थेट बस सुटते. रुसल्यासारखी बसण्यापेक्षा जाऊन ये की."

ती गेली. जंक्शनच्या घराचं दार उघडलं ते एका बुटक्या, गुबगुबीत, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाईने. अक्काच्या मनात ती इतकी वर्षं उंच, सडपातळ होती.

"या ना, बसा," जंक्शन म्हणाली.

"हो हो, बसते. तुम्हीपण बसा."

झालं, तूचं परत तुम्ही झालं! दोघी समोरासमोर बसल्या. प्रवास कसा झाला, रस्ता चांगला आहे, मुलगी कामावर गेलीय. एवढं झाल्यावर बोलणं आटलं. इतकी वर्षं तोंडाला खीळ म्हणून नव्हती आणि आता एकमेकींच्या चपलांकडे बघत बसायची वेळ आली. अक्काने परतीची बस किती वाजता असते ते विचारलंसुद्धा, आणि विचारल्यावर जीभ चावली.

जंक्शन उठून चहा टाकायला आत गेली. भिंतीपलीकडे भांडं वाजलं, काडी ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती हलकेच गुणगुणायला लागली. अक्काने लाइनवर असल्यासारखे कान दिले.

"साखर किती गं, टोका?" आतून आवाज आला.

"दीड चमचा. आणि तू ते गुणगुणणं अजून सोडलं नाहीस होय?"

"तू अजून ऐकत बसतेस होय?"

अक्का आत जायला म्हणून उठली आणि परत खाली बसली. जंक्शनही बाहेर आली नाही. भिंतीच्या अलीकडून एक, पलीकडून एक, अशा दोघी बोलत राहिल्या. भावजय, मुलीचं लग्न, बिलांचं टेबल, तो बर्फ, सगळं निघालं. चहा उतू गेला, दुसरा टाकला, तोही गेला. मुलगी कामावरून आली तेव्हा दोघी डोळे पुशीत हसत होत्या.

"आई, पाहुण्यांना बाहेर एकटं बसवून तू आत काय करतेयस?"

"बोलतोय आम्ही!" दोन्हीकडून एकदम उत्तर आलं.

परतीची बस केव्हाच निघून गेली होती. अक्का तिथेच राहिली.

पुढे सुट्टी मिळाली की अक्का बस पकडायची. कधी जंक्शन इकडे यायची आणि अक्काच्या भावाशी तासन्‌तास वाद घालायची. समोरासमोर बसायची सवयही दोघींना हळूहळू झाली. पण मनातलं अवघड काही सांगायचं असलं, की दोघींपैकी एक उठायची आणि म्हणायची, "थांब, चहा टाकते."